कामांत मनुष्य काय पाहतो?

"मजुराचें लक्ष पैशाकडे; कामाची गोडी त्यास कोठून असणार?" असें शिकलेल्या लोकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. आपले कांहीं उपदेशक व शिक्षकही असें बोलतात, म्हणून हा विषय अभ्यासास घेतला आहे.

मेल्विन कोन ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९६४ सालीं आपल्या देशांतील ३,१०१ कामधंदा करणाऱ्या पुरुषांची पाहणी करून १९६९ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाचे लोक काम मनास रमविणारें आहे काय, त्यांत स्वातंत्र्य किती, हें अधिक पाहतात. खालच्या दर्जाचे लोक वेतन, कामाचे तास व नोकरीची शाश्वती अधिक पाहतात, असें त्यांस आढळलें.

मग गरिबाचें मनच हलकें काय? नव्हे. कोन ह्यांनीं कारण कामाच्या स्वरूपांत शोधलें. डोक्यावर देखरेख किती, काम तेंच तें किती, त्यांत विचारास वाव किती, ह्यांवरून मनुष्याचें मन घडतें. १९७४ सालीं त्यांपैकीं कांहींना पुन्हां विचारलें, तेव्हां काम मनाला घडवितें व घडलेलें मनही पुढें कामावर परिणाम करितें, असें दिसून आलें.

आपल्याकडील ऊसतोडणी पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन जें जोडपें कारखान्यावर जातें, त्याचा हिशेब टनावर. कोणत्या फडांत शिरावयाचें, गाडी केव्हां भरावयाची, हें दुसरा ठरवितो. उचल अंगावर असतां "कामांत आनंद माना" हा बोध त्यांनीं कोणत्या कानानें ऐकावा? महिनाअखेर पगार हातीं येणाऱ्यास असा बोध करणें सोपें आहे.

ह्याहून गंभीर गोष्ट मुलांची. कोन ह्यांनीं १९५६-५७ सालीं वॉशिंग्टन शहरांतील आईबापांस विचारलें होतें. प्रामाणिकपणा दोन्ही वर्गांस प्रिय होता. परंतु मजूरवर्ग आज्ञाधारकपणावर, तर मध्यमवर्ग जिज्ञासा व आत्मसंयमन ह्यांवर अधिक भर देत होता. "सांगितलें तेवढें कर" असें बाप म्हणतो, तें अज्ञानानें नव्हे. ज्या कामावर उलट विचारणाऱ्याची मजुरी जाते, तेथें शिकलेलें तें शहाणपण आहे. मात्र तेंच मौन घेऊन मूल शाळेंत येतें, आणि तेथें त्यास मंद म्हणतात. शिक्षकबंधूंनो, असें मूल वर्गांत गप्प बसलेलें दिसल्यास त्याचे आईबाप कोणतें काम करतात, हें आधीं त्यांच्या घरीं जाऊन विचारा.