सायकल सारखी पंक्चर होते?

प्रश्न : नाशिकहून त्र्यंबकेश्वरला सायकलने जातो. मागचं चाक सारखं पंक्चर होतं. ट्यूब बदलली, तरी तेच. काय करू?

उत्तर : नुसती ट्यूब बदलून भागत नाही, कारण शोधा. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडवा आणि भोक कोणत्या बाजूला आहे ते पाहा. बाहेरच्या बाजूला असेल, तर बाभळीच्या काट्याचं टोक बहुधा टायरमध्येच अडकलंय. टायरच्या आतून कापूस फिरवा. अडकेल तिथला काटा चिमट्याने काढा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. भोक रिमच्या बाजूला असेल, तर रिमपट्टी सरकलीय किंवा स्पोकचं टोक टोचतंय.

पॅच लावताना जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावून वाळू द्या, मगच पॅच दाबा.

टायरच्या कडेवर छापलेल्या पीएसआयच्या मर्यादेतच हवा ठेवा आणि दर आठवड्याला तपासा. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून तिथे थोडी जास्त. काटे फारच लागत असतील, तर ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. टायरचे धागे दिसू लागले असतील, तर मात्र पॅचवर पैसे घालवू नका, टायरच बदला.