कोरडा खोकला आणि आजीचा बटवा

थंडी सुरू झाली की वर्गावर्गातून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. खोकला कोरडा की कफाचा, हे आधी ओळखायचे. आपल्या घरांत सरसकट अडुळसा दिला जातो. पण तो कफ सुटण्यासाठी. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. कोरड्या खोकल्यात घशाला ओलावा हवा. त्यासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळावी. इथल्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘जेठीमध’ म्हणून मागा. झोपताना चमचाभर मध घ्यावा. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, असे वैद्यकीय अभ्यासांतही दिसले आहे. हळदीचे कोमट दूधही घशाला बरे वाटते.

पालकांनो, वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नका, घरची रीत असली तरीही! त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांनी रोज ज्येष्ठमध घेऊ नये. त्याने दाब वाढतो.

आपण नंदेसरीकर रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. जून 2022 मधील मोठी आग अनेकांना आठवत असेल. उग्र वास येऊन चारचौघांना एकदम ठसका लागला, तर तो खोकला बटव्यातल्या औषधाचा नव्हे. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, दम लागल्यास दवाखाना गाठावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते.