भारलेले शब्द

लोखंडाची सुई चुंबकावर एकाच दिशेने पुन्हा पुन्हा घासली म्हणजे ती भारली जाते. दिसावयास ती पूर्वीसारखीच राहते. तिचा रंग, वजन, टोक यांत काही फरक पडत नाही. परंतु दोऱ्याने टांगून मोकळी सोडली की ती आपली ठराविक दिशा धरते, आणि बोटाने कितीही फिरविली तरी पुन्हा तिकडेच वळते. मराठीत ‘भारणे’ हे क्रियापद मंत्रतंत्राच्या संदर्भातही वापरले जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोजच्या व्यवहारातील एखादा शब्द एखाद्या बंदिस्त समुदायात वर्षानुवर्षे एकाच बाजूने घासला गेला, की त्याचीही तीच गत होते. त्याचे अक्षर बदलत नाही. ऐकणाऱ्याचे मन मात्र तो ठराविक दिशेला वळवितो.

या क्रियेचे पद्धतशीर वर्णन रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने केले. चीनमध्ये ‘विचार-सुधारणे’च्या मोहिमेतून गेलेल्या २५ पाश्चात्त्य व १५ चिनी व्यक्तींशी हाँगकाँग येथे १९५४-५५ च्या सुमारास त्याने दीर्घ मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मनावर सर्वंकष ताबा मिळविणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणे त्यात सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे भाषा भारणे. अवघड मानवी प्रश्न दोन-तीन शब्दांच्या ठरीव वाक्यांत कोंबले जातात; वाक्य उच्चारले की प्रश्न सुटला असे वाटते, आणि विचार जेथे सुरू व्हावयाचा तेथेच थांबतो. लिफ्टनची मूळ सामग्री राजकीय होती, धार्मिक नव्हती. पुढे धार्मिक समुदायांचा अभ्यास करणाऱ्यांना हेच लक्षण तेथेही ओळखू आले.

वेगळी परिभाषा असणे हा काही दोष नव्हे. डॉक्टर, वकील, खलाशी यांची आपापली भाषा असते, तशी प्रत्येक धर्मपंथाचीही असते. फरक असा, की डॉक्टरला “म्हणजे काय?” असे विचारले तर तो साध्या शब्दांत सांगू शकतो, आणि विचारणारा त्यामुळे शत्रू ठरत नाही. भारलेल्या शब्दाच्या बाबतीत मात्र अर्थ विचारणे हीच निष्ठेतील उणीव मानली जाते.

या दृष्टीने जिम जोन्स या धर्मोपदेशकाच्या ‘पीपल्स टेंपल’ या संस्थेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात ती सुरू झाली. गोरे व काळे लोक एकाच प्रार्थनागृहात शेजारी बसतात, ही त्या काळी तेथे साधी गोष्ट नव्हती. वृद्धांची काळजी, गरजूंना अन्न अशी कामेही संस्थेने केली. लोक तिच्याकडे ओढले गेले ते या खऱ्या कामांमुळे, हे विसरून चालणार नाही. पुढे संस्था कॅलिफोर्नियात गेली. १९७७ मध्ये तिच्याविषयी आरोप प्रसिद्ध होऊ लागताच शेकडो अनुयायी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात वसविलेल्या ‘जोन्सटाउन’ या वसाहतीत राहावयास गेले.

तेथील शब्दसंग्रह पाहण्यासारखा होता. जोन्सला अनुयायी ‘बाबा’ या अर्थाच्या शब्दाने संबोधीत. त्यामुळे त्याच्याशी मतभेद म्हणजे आपोआपच कृतघ्नपणा झाला. शिक्षा म्हणून कठोर श्रम करावयास लावलेल्या लोकांच्या गटाचे नाव ‘शिक्षण-पथक’ असे होते. डोईजड ठरलेल्यांना औषधे देऊन गुंगीत ठेवण्याच्या जागेला ‘दीर्घ शुश्रूषा विभाग’ म्हणत. वसाहत सोडून जाऊ पाहणारा तो ‘फितूर’. मध्यरात्री ध्वनिक्षेपकावरून सर्वांना गोळा करावयाचे, शत्रू चालून येत आहेत असे सांगावयाचे आणि मरणाच्या तयारीची चर्चा करावयाची, या प्रकाराला ‘शुभ्र रात्र’ असे नाव होते. एका रात्री लोकांना पेय देऊन त्यात विष असल्याचे सांगण्यात आले, आणि नंतर ती केवळ निष्ठेची परीक्षा होती असा खुलासा झाला, हे वसाहतीतून निसटलेल्या एका स्त्रीने जून १९७८ मध्ये शपथपत्रावर लिहून दिले होते.

परंतु सर्वांत अधिक भारलेला शब्द होता ‘क्रांतिकारी आत्महत्या’. तो मुळात जोन्सचा नव्हता. ब्लॅक पँथर पक्षाचा नेता ह्यूई न्यूटन याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राचे ते नाव. न्यूटनचा अर्थ असा, की अन्यायी सत्तेशी झुंजताना मरण येण्याचा संभव पत्करावा. निराशेने स्वतःचा जीव घेणे हे त्याच्या मते नेमके याच्या उलट होते. जोन्सने शब्द घेतला आणि त्यातील झुंज काढून टाकली. उरले ते मरण. मात्र ‘क्रांतिकारी’ या विशेषणाची प्रतिष्ठा त्याने जशीच्या तशी ठेवली, आणि वंशभेदाविरुद्ध लढण्याची उमेद बाळगणाऱ्या माणसांना ते विशेषण परके वाटले नाही.

१८ नोव्हेंबर १९७८ रोजी, वसाहतीची पाहणी करण्यासाठी आलेले अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन काही असंतुष्ट रहिवाशांना घेऊन परत निघाले असता जवळच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनी गोळीबार केला. रायन यांच्यासह ५ जण ठार झाले. त्याच संध्याकाळी जोन्सने सर्वांना मंडपात बोलाविले. त्या सभेचे सुमारे पाऊण तासाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला याहून भीषण साधन सापडणे कठीण. जोन्स मरणाला मरण म्हणत नाही. पलीकडे पाऊल टाकणे, देह खाली ठेवणे, असे तो म्हणतो.

या सभेत क्रिस्टीन मिलर नावाची एक स्त्री उठून उभी राहते. तिची भाषा साधी आहे. रशियात जाण्याचा मार्ग आता अगदीच बंद झाला का, असे ती विचारते. मोजकी माणसे निघून गेली म्हणून एवढ्या साऱ्यांनी जीव का द्यावा, हा तिचा दुसरा प्रश्न. लहान मुलांना जगण्याचा हक्क आहे आणि प्रत्येकाला आपले भवितव्य ठरविण्याचा हक्क आहे, असे ती सांगते. तिला उत्तर मिळत नाही. मिळतात ती ठरीव वाक्ये. ती आज येथे उभी आहे तीच मुळी जोन्समुळे, असे कोणी तिला सुनावतो. जमाव ओरडतो, आणि अखेर ती गप्प होते. भारलेल्या शब्दांच्या त्या गर्दीत ‘मूल’, ‘जगणे’, ‘हक्क’ हे तिचे बिनभारलेले शब्दच परके ठरले.

त्या दिवशी एकूण ९१८ माणसे मरण पावली. त्यांपैकी ९०९ जोन्सटाउनमध्ये. मृतांत सुमारे ३०० मुले होती. सायनाइड प्रथम त्यांनाच देण्यात आले, आणि काहींना ते टोचण्यात आले. भोवती सशस्त्र पहारेकरी होते. अर्भकाच्या तोंडात विष ओतण्याला कोणत्याही भाषेत आत्महत्या म्हणता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी मात्र जोन्स हेच सांगतो, की ही आत्महत्या नव्हे, अमानुष जगाच्या निषेधार्थ केलेली क्रांतिकारी आत्महत्या आहे. एकाच वाक्यात तोच शब्द एकदा नाकारला व एकदा स्वीकारला जातो, आणि हत्येला तर त्यात नावच उरत नाही.

एकट्या शब्दांनी हे घडले, असे मात्र समजू नये. घनदाट अरण्य, थकविणारे श्रम, काढून घेतलेले पारपत्र, तपासली जाणारी पत्रे, जोन्सच्याच तोंडून ऐकावयाच्या बातम्या, या साऱ्यांचा तो परिणाम होता. शब्दांचे काम असे, की या कुंपणाला कुंपण म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

पहारेकरी व अरण्य नसतानाही शब्द किती दूर नेऊ शकतात, याचे उदाहरण ‘हेवन्स गेट’ या लहानशा गटात सापडते. मार्शल ॲपलव्हाइट व बॉनी नेटल्स हे दोघे त्याचे प्रवर्तक. अंतराळयानात बसून जिवंत देहानिशी वरच्या लोकात जावयाचे, अशी प्रारंभीची शिकवण होती. १९८५ मध्ये नेटल्स कर्करोगाने वारली, आणि देह तर येथेच राहिला. शिकवण खोटी ठरावी असा हा प्रसंग. परंतु शब्दाने ती सावरली. देह म्हणजे केवळ ‘वाहन’, आणि प्रवासी वाहन सोडून जातो, अशी मांडणी पुढे आली. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ ॲपलव्हाइटसह ३९ जणांनी आपली ‘वाहने’ सोडली. त्यांनी मागे ठेवलेल्या चित्रफितींत अनेकांचे चेहरे प्रसन्न दिसतात.

बाहेरचे जगही या दोषापासून अलिप्त नाही. इंग्रजीतील ‘कल्ट’ हा शब्द आज इतका भारलेला आहे, की धर्माचे अनेक अभ्यासक तो टाळून ‘नवे धार्मिक संप्रदाय’ असे म्हणणे पसंत करतात. ‘कल्ट’ म्हटले की पुढे काही जाणून घेण्याची गरजच वाटेनाशी होते. जोन्सटाउनमध्ये विष मिसळलेल्या सरबतावरून तर आंधळ्या अनुकरणाला उद्देशून एक विनोदी वाक्प्रचार रूढ झाला, आणि त्यात पेयाचे नावही चुकीचे आहे. वाचलेल्या अनेकांना व मृतांच्या नातलगांना तो वाक्प्रचार दुखवितो. ज्यांची ओळख पटली नाही किंवा ज्यांना कोणी नेले नाही, असे चारशेहून अधिक मृतदेह ओकलंड येथील एव्हरग्रीन दफनभूमीत एकत्र पुरले आहेत. २०११ मध्ये तेथे शिलापट बसविण्यात आले. त्यांवर मृतांची नावे कोरली आहेत. जोन्सचेही नाव त्यांत असावे की नसावे यावर वाद झाला. ते ठेवण्यात आले.