अनुकंपा नियुक्ती : नियम आणि व्यवहार

शासकीय सेवेत प्रवेश करावयाचा तर जाहिरात, अर्ज, परीक्षा आणि निवडयादी हा राजमार्ग होय. सार्वजनिक सेवायोजनात सर्व नागरिकांना समान संधी असेल, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सांगितले आहे आणि हा राजमार्ग त्याच तत्त्वातून निघालेला आहे. तथापि, बहुतेक कार्यालयांतून एखाददुसरा लिपिक वा शिपाई असा आढळतो, की ज्याने कोणतीही स्पर्धा परीक्षा दिलेली नसते. वडील किंवा आई सेवेत असताना निधन पावली, आणि त्यानंतर काही वर्षांनी तो रुजू झाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करीत वर्षे घालविणाऱ्या तरुणाला ही गोष्ट बोचते. उलटपक्षी, ज्या घरातील मिळवते माणूस अकस्मात गेले, त्या घराला तीच एक आशा असते. या दोहोंमधील तोल सांभाळण्यासाठी जे नियम झाले, त्यांना अनुकंपा तत्त्वावरील नियुक्तीचे नियम म्हणतात.

हा वारसाहक्क नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. हरियाणा राज्यातील एका प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या योजनेचा हेतू स्पष्ट केला. कर्मचाऱ्याच्या मृत्यूने कुटुंबावर जे आकस्मिक आर्थिक संकट कोसळते त्यातून त्या कुटुंबाला सावरता यावे, एवढाच तो हेतू. मृताच्या पदाइतके पद कुटुंबाला मिळवून देणे हा तिचा उद्देश नाही, म्हणूनच ही नियुक्ती खालच्या दोन वर्गांतील पदांपुरती मर्यादित राहते. केवळ मृत्यू झाला म्हणून हक्क उत्पन्न होत नाही, आणि पुष्कळ वर्षे लोटून संकट ओसरल्यावर जुनी मागणी उकरून काढता येत नाही. तत्पूर्वी १९८९ मध्ये याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली होती, ती म्हणजे अशा नियुक्तीस विलंब होऊ नये. संकट आज आणि मदत दहा वर्षांनी, हा प्रकार योजनेच्या मुळावरच येतो. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे नियमांतील बहुतेक अटींचे कारण कळते.

परीक्षेविना सेवेत येण्याच्या अन्य वाटांशी या योजनेची गल्लत होऊ नये. रोजंदारीवर वा हंगामी म्हणून घेतलेल्या व्यक्तीस पुढे कायम करणे ही अगदी वेगळी बाब आहे. कर्नाटक राज्याच्या प्रकरणात १० एप्रिल २००६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिला कडक मर्यादा घातल्या. प्रकल्पग्रस्तांसाठीच्या राखीव जागा हे समांतर आरक्षण होय; तेथे स्पर्धा टळत नाही. सफाई कामगारांच्या वारसांना लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार मिळणाऱ्या नियुक्तीचे नियम स्वतंत्र असून २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ते एकत्रित करण्यात आले. तेथे कामगार निवृत्त झाल्यावरही वारसाचा विचार होतो, कारण त्या कामाचे स्वरूप आणि ते करणाऱ्या समाजघटकांची स्थिती निराळी आहे. रेल्वेनेही २००४ मध्ये स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्या काही कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना नोकरी देणारी योजना आणली होती. परंतु समान संधीच्या कसोटीवर उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला आणि २०१८ मध्ये ती गुंडाळण्यात आली. निवृत्ती हे आकस्मिक संकट नव्हे, मृत्यू हे होय. फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे.

महाराष्ट्रात ही योजना १९७६ पासून अमलात आहे. तिच्यात वेळोवेळी इतके फेरबदल झाले, की आस्थापना शाखेतील जाणत्या लिपिकालाही कोणता आदेश चालू आणि कोणता रद्द हे सांगताना विचार करावा लागे. २१ सप्टेंबर २०१७ च्या शासन निर्णयाने हे विखुरलेले आदेश एके ठिकाणी आणले. नियुक्ती गट क आणि गट ड मधील पदांवरच होते. मृत कर्मचारीही त्याच गटांतील असावा, अशी पूर्वी सर्वसाधारण अट होती. २०२१ मध्ये गट अ व गट ब मधील अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही योजना लागू झाली, मात्र त्यांना मिळणारे पद गट क किंवा ड मधीलच. पात्र नातेवाइकांत पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, दत्तक अपत्य यांचा समावेश होतो. मुलगा हयात नसल्यास सुनेचा, आणि मृत कर्मचारी अविवाहित असल्यास भावाबहिणीचा विचार होतो. कुटुंबातील एकालाच नोकरी मिळते, आणि इतरांचा सांभाळ करण्याची हमी त्याला लिहून द्यावी लागते. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या कर्मचाऱ्याचे कुटुंब अपात्र ठरते. ही अट अनेकांना ऐनवेळी कळते. दुसऱ्या पत्नीच्या अपत्यास केवळ त्या कारणावरून नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आणि पुन्हा २०२२ मध्ये, म्हटले आहे.

खरी कसोटी लागते ती प्रतीक्षासूचीत. केंद्र शासनाच्या पद्धतीत अर्जदार कुटुंबांच्या गरजेची तुलना होते. निवृत्तिवेतन किती, जमीन आहे काय, अज्ञान मुले किती, लग्नाच्या मुली किती हे पाहून अधिक गरजूला अग्रक्रम मिळतो. तेथे थेट भरतीच्या पदांपैकी ५ टक्क्यांची मर्यादा आहे. महाराष्ट्रात परिपूर्ण अर्जाच्या दिनांकानुसार यादी लागते. या पद्धतीत वशिल्याला वाव कमी, हा तिचा मोठा गुण. परंतु तीन लहान मुलांची विधवा आणि बरी शेतीवाडी असलेले कुटुंब एकाच रांगेत उभे राहते, हा तिचा उणेपणाही मान्य केला पाहिजे. मर्यादा १० टक्के होती, ती २०१९ मध्ये २० टक्के झाली. समजा, एखाद्या कार्यालयात वर्षाला पन्नास पदे भरावयाची आहेत, तर पूर्वी पाच आणि आता दहा जणांची सोय होईल. यादीत साठ नावे असतील आणि पुढे एकही नवे नाव आले नाही, तरी शेवटच्या माणसाला सहा वर्षे थांबावे लागेल. पूर्वीच्या प्रमाणात हीच प्रतीक्षा बारा वर्षांची होती.

या प्रतीक्षेने घरे कशी अडचणीत येत, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पंचायत समितीतील शिपाई सेवेत असताना वारला. पत्नीचे वय ३८, मुलगा १२ वर्षांचा. पत्नीने तातडीने अर्ज केला आणि तिचे नाव यादीत आले. सात वर्षे क्रमांक लागला नाही. वयाची ४५ वर्षे पूर्ण होताच नियमाप्रमाणे नाव वगळले गेले. मुलगा आता १९ वर्षांचा आणि बारावी उत्तीर्ण, पण त्याचे नाव आईच्या जागी लावता येत नव्हते. २०१५ च्या आदेशाने असा बदल वर्ज्य ठरविला होता, आणि यादीतील उमेदवाराचा मृत्यू झाला तरच तो शक्य होता. गंमत अशी, की आईने अर्जच केला नसता, तर मुलाला सज्ञान झाल्यावर मुदतीत स्वतःचा अर्ज करता आला असता. तत्परतेबद्दल शिक्षाच म्हणावयाची. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील पूर्णपीठाने नाव बदलण्यावरील हे निर्बंध समर्थनीय नसल्याचा निर्णय दिला, आणि १७ जुलै २०२५ च्या सुधारित धोरणात शासनाने वारसाचे नाव बदलण्यास वाव दिला. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यभर एकाच दिवशी पाच हजारांहून अधिक अनुकंपाधारकांना नियुक्तिपत्रे देण्यात आली. त्यांतील कित्येकांनी वडिलांचा मृत्यू शाळकरी वयात पाहिला असेल.

विवाहित मुलीचा प्रश्नही असाच वळणावळणाने पुढे सरकला. राज्य शासनाने २०१३ मध्ये, कुटुंब तिच्यावरच अवलंबून असल्यास, तिला पात्र ठरविले. मात्र पात्र असणे आणि अवलंबून असणे या गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये विवाहित मुलगी मृत आईवर अवलंबून होती असे मानण्यास नकार दिला. अर्ज तपासणाऱ्याने वस्तुस्थिती पाहावी, नाते नव्हे, असा त्याचा अर्थ.

शिक्षकांच्या वारसांसंबंधी जिल्हा परिषदांतून वारंवार विचारणा होते. वडील शिक्षक होते म्हणून मुलाला शिक्षकाचेच पद मिळेल असे नाही. अध्यापनाची विहित अर्हता व पात्रता परीक्षा यांतून अनुकंपा उमेदवाराची सुटका नाही. ती नसेल तर लिपिक वा शिपाई या पदांचा विचार करावा लागतो. लिपिकपदासाठीही टंकलेखनाची परीक्षा ठरावीक मुदतीत उत्तीर्ण होणे आवश्यक असते, आणि त्याकडे दुर्लक्ष केलेले उमेदवार नंतर अडचणीत येतात. स्पर्धा माफ आहे, अर्हता माफ नाही.

राहिली गोष्ट कागदपत्रांची. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर योजनेची माहिती कुटुंबाला देऊन तिची पोच घेणे ही आस्थापना शाखेची जबाबदारी आहे. पोच नसेल तर पुढे मुदतीचा वाद उपस्थित होतो आणि दोष बहुधा विधवेच्या माथी येतो. २०१७ च्या आदेशात अर्जासाठी मृत्यूच्या दिनांकापासून, आणि अज्ञान वारसाच्या बाबतीत तो सज्ञान झाल्यापासून, एक वर्षाची मुदत होती. नंतरच्या आदेशांचा विचार करून ती मोजावी. ग्रामपंचायतीच्या पातळीवर मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घेतली, की दाखल्यासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुलांची जन्मतारीख शाळेच्या नोंदीत एक आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी, असे पुष्कळदा आढळते. ही विसंगती शिक्षक व ग्रामसेवक यांनी वेळीच दुरुस्त करून घ्यावी. अर्ज परिपूर्ण ठरेल त्याच दिनांकास यादीतील क्रमांक मिळतो, आणि एका दाखल्यावाचून तो चार महिने अडला तर दरम्यान आलेली सर्व नावे त्या कुटुंबाच्या पुढे लागतात.