पुंगळीच्या बुडावरचा बाण

प्रश्न : आजोबांच्या लष्करी ट्रंकेत पितळेची एक रिकामी पुंगळी सापडली. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, मध्ये बाण, शिवाय ४२ आणि रोमन सात. हे काय आहे? अशा वस्तू कोणी जमवतं का? घासून-पुसून शोकेसमध्ये ठेवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घासू नका, ही पहिली विनंती. चिंच नको, पितांबरीही नको. बुडाच्या मधोमध बार पेटवणारी टोपी आहे, तिच्याभोवती जांभळ्या रंगाचं पुसट कडं दिसतं का, ते आधी भिंगातून पाहा. जांभळं कडं म्हणजे साधी गोळी. तांबडं असतं तर गोळी जाताना उजेडाची रेघ ओढणारी, हिरवं असतं तर चिलखत भेदणारी.

के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ४२ म्हणजे १९४२, आणि रोमन सात म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाचा १९१० मध्ये स्वीकारलेला नमुना, मार्क सात. सातापुढे झेड नसेल, तर आत कॉर्डाइट ही दारू होती, शेवयांच्या जुडीसारखी. एवढ्या अरुंद मानेतून ती जुडी आत गेली कशी? पुंगळीची मान आवळण्याआधीच ती भरत, वर पुठ्ठ्याची चकती बसवत आणि मग मान दाबून घेत. हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी माझ्याकडची पुंगळी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

जमवणारे पुष्कळ आहेत. युरोप-अमेरिकेत त्यांच्या संघटना आहेत. तुमची पुंगळी मात्र दुर्मीळ नाही, युद्धकाळात ती मुबलक निघाली. दुर्मीळ ठरतात ती अल्पायुषी काडतुसं. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचं शिसं उघडं ठेवलं, म्हणजे ती शरीरात शिरताच पसरे. विलायतेत मार्क तीन, चार, पाच पोकळ टोकाचे निघाले. १८९९ च्या हेग परिषदेनं पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्ध ठराव केला आणि हे नमुने मागे पडले. त्याहून विरळा १८५७ चं एनफिल्डचं कागदी काडतूस. शाळेच्या पुस्तकात ते आपण सगळ्यांनी वाचलं, पण ते दातानं फाडूनच वापरायचं, मग उरणार किती?

आता कळकळीनं सांगतो. तुमच्या पुंगळीच्या टोपीवर चापाच्या टोचणीचा खळगा आहे ना, खात्री करा. नसेल तर टोपी जिवंत असू शकते. ट्रंकेत गोळीसकट काडतूस निघालं, तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे.

खळगा असेल, तर पुंगळी मऊ सुती कापडात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा : आजोबांचं नाव, पलटण, १९४२ नंतर ते कुठल्या आघाडीवर होते. घरात कुणाला आठवत असेल, तर आजच विचारून घ्या.