जोर पाण्याचा, युक्ती आपली

काचा पुसण्याचा धंदा दिसायला लहान. एक बादली, दोन फडकी, एक रबरी वायपर आणि एक शिडी. एवढ्यावर तो उभा राहतो. पण लहान म्हणून त्याला हलका समजू नये. रहिमतपूरसारख्या गावातही आता दुकानांना, दवाखान्यांना आणि बँकांना मोठमोठ्या काचा आल्या आहेत. काच आली की धूळ आली. धूळ आली की पुसणाऱ्याला काम आले.

मात्र एका गावात काचा किती असणार? काम लवकर संपते. मग गिऱ्हाईकच दुसरे काम सुचवते. "काचा झाल्या, आता दारातली फरशी पण धुऊन द्या की." "गच्चीवर शेवाळ धरलंय. म्हातारी माणसं घसरत्यात. काय होतंय का बघा."

खराट्याने घासत बसले तर दिवस जातो आणि कंबर मोडते. तेव्हा मनात येते, पाण्याच्या जोराने धुणारे यंत्र घ्यावे काय?

विचार चांगला आहे. पण यंत्र आधी आणि विचार मागून, असे होऊ नये. म्हणून या धड्यात आपण तीन गोष्टी शिकू. हे यंत्र काय करते? ते कुठे चालवावे आणि कुठे चालवू नये? आणि ते आपल्याला परवडते की नाही, हे कागदावर कसे काढावे?

पाण्याला जोर कुठून येतो

हे समजायला रहिमतपूरकरांना लांब जायला नको. गावात आदिलशाहीच्या काळातली मशीद आहे. सरदार रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. त्या मशिदीजवळ सुमारे ५० फूट उंचीचा एक मनोरा बांधला होता. त्याला पश्चिमेच्या बाजूने उतार होता. हीच ती हत्तीची मोट. पाणी मनोऱ्यावर चढवायचे आणि वरून खाली सोडायचे. मग मशिदीतले कारंजे उडायचे.

यातले शास्त्र सोपे आहे. पाणी जितके उंचावरून येते, तितका त्याचा दाब जास्त. दर १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट उंचीमागे, एका चौरस सेंटिमीटर जागेवर १ किलो दाब पडतो. ५० फुटांच्या मनोऱ्यातून म्हणून दीड किलो दाब मिळतो. तेवढ्यात कारंजे उडते. आपल्या माडीवरच्या टाकीचा दाब तर बहुधा किलोभरही भरत नाही.

आता यंत्र पाहू. त्याचा दाब १०० किलो असतो, कधी १५० किलो. १०० किलो म्हणजे १,००० मीटर उंचीचा दाब. साताऱ्याचा अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट, म्हणजे जवळजवळ तेवढाच उंच आहे. समजा, त्या किल्ल्याच्या माथ्यापासून समुद्राच्या काठापर्यंत पाण्याने भरलेला एक नळ टाकला. त्याच्या खालच्या तोंडाशी जो दाब असेल, तो दाब या हातातल्या बंदुकीत असतो. हे चित्र मनात ठेवा. पुढचे सारे नियम त्यातून आपोआप कळतील.

यंत्राची रचनाही अवघड नाही. मोटार फिरते. तिच्यामुळे पंपातले दट्टे मागेपुढे होतात. पाणी मजबूत नळीतून बंदुकीत येते आणि बारीक तोटीतून वेगाने बाहेर पडते. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांच्या कारखान्याने १९५० साली गरम पाण्याचे असे यंत्र तयार केले. युरोपात ते पहिले होते. आता विजेवर चालणारी गार पाण्याची लहान यंत्रे सहज मिळतात.

आल्याच्या किंवा द्राक्षाच्या शेतकऱ्याला ही रचना ओळखीची वाटेल. फवारणीचा एचटीपी पंप याच जातीचा आहे. त्याचा दाब मात्र कमी, साधारण २० ते ४० किलो. पण कुणी म्हणेल, "घरचा फवारणीचा पंप हाय की, नवं यंत्र कशाला?" तर त्याला नको म्हणा. त्या पंपात आणि नळीत औषधाचा अंश राहतो. त्याने कुणाचे अंगण धुऊ नये. पिण्याच्या पाण्याची टाकी तर मुळीच धुऊ नये.

तोट्यांचे रंग ओळखा

यंत्राबरोबर रंगीत तोट्या येतात. अक्षरे वाचता आली नाहीत तरी रंग वाचता येतात.

लाल तोटी: धार सुईसारखी सरळ. सर्वांत धोक्याची.
पिवळी तोटी: धार १५ अंश पसरते. घट्ट चिकटलेल्या चिखलासाठी.
हिरवी तोटी: धार २५ अंश पसरते. सिमेंटची फरशी आणि गच्ची यांसाठी.
पांढरी तोटी: धार ४० अंश पसरते. हलक्या कामासाठी.
काळी तोटी: साबण मारण्यासाठी. हिचा दाब कमी असतो.

नियम असा. सुरुवात नेहमी पांढऱ्या तोटीने करावी. तोटी आधी दोन फूट लांब धरावी. मळ निघाला नाही तर जराशी जवळ न्यावी. प्रथम एका कोपऱ्यात हातभर जागा धुऊन पाहावी, गिऱ्हाइकाला दाखवावी आणि मगच पुढे जावे. लाल तोटी पेटीतच राहू द्यावी. आपल्या कामात तिची गरज पडत नाही.

कुठे चालवू नये

आता मुख्य गोष्ट. काचा पुसणाऱ्याने यंत्र घेतले म्हणून खिडक्यांच्या काचा यंत्राने धुवायच्या नाहीत. जोराच्या पाण्याने काचेभोवतीची रबरी पट्टी सुटते. पाणी घरात शिरते. तडा असलेली काच फुटते. काचेला बादली, वायपर आणि आपला सवयीचा हात हेच बरे. यंत्र फरशीसाठी, वायपर काचेसाठी. दोन हत्यारे, दोन कामे.

छपरावरच्या सूर्यपट्ट्यांचेही तसेच. २०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. तेव्हापासून घरांवर या पट्ट्या वाढत आहेत आणि त्या धुण्याचे कामही वाढत आहे. काम घ्यावे, पण यंत्र लावू नये. सकाळी, पट्ट्या गार असताना, साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरावा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. पट्ट्यांच्या तारांना हात लावू नये. ऊन असेतो त्यांत वीज असते.

जुन्या वाड्यांच्या भिंती, मंदिरांचे आणि मशिदींचे जुने दगडी बांधकाम, यांना हा जोर सोसत नाही. दगड टिकतो, पण दगडांच्या मधला चुना वाहून जातो. शेकडो वर्षे टिकलेला सांधा आपण एका सकाळी मोकळा करू. असे काम कुणी सांगितले तर हात जोडून नाही म्हणावे.

सिमेंटचे जुने पत्रेही धुऊ नयेत. त्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असते. जोराच्या पाण्याने त्याचे बारीक तंतू सुटतात. ते श्वासाबरोबर छातीत जातात आणि त्यांचा आजार कैक वर्षांनी वर येतो.

अंगणातले सिमेंटचे ठोकळे धुता येतात. पण त्यांच्या सांध्यांतली वाळू निघते. काम झाल्यावर सांधे पुन्हा वाळूने भरून द्यावेत. हे आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे शेवटी वाद होत नाही.

जीव आधी, काम मागून

ही धार माणसाच्या कातडीतून आत जाते. जखम वरून टाचणीएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही. म्हणून माणूस हळद लावून घरी बसतो. तसे मुळीच करू नये. पाणी आणि घाण आत खोलवर गेलेली असते. ताबडतोब दवाखान्यात जावे आणि "जोराच्या पाण्याची धार लागली," असे स्पष्ट सांगावे. बंदूक माणसाकडे, जनावराकडे, मुलांकडे कधी रोखू नये. थट्टेतही नाही. पायात चपला नकोत, बूट हवेत. डोळ्यांना चष्मा हवा.

दुसरा धोका विजेचा. पाणी आणि वीज एका जागी आली आहेत. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी यंत्र लावू नये. गळती झाली की क्षणात वीज तोडणारी कळ मिळते. तिला ईएलसीबी म्हणतात. ती ३० मिलीअँपिअरची घ्यावी आणि आपल्याबरोबर ठेवावी. वायर जाड असावी. तिचा जोड पाण्यात पडू देऊ नये.

तिसरा धोका शिडीचा. काचा पुसणाऱ्याला शिडीची सवय असते, म्हणून त्याला याचा जास्त धोका. चाप ओढला की बंदूक मागे ढकलते. शिडीवर उभे राहून यंत्र चालवले तर तोल जातो. यंत्र नेहमी जमिनीवर उभे राहूनच चालवावे.

आणखी एक गोष्ट. यंत्र पाहून कुणी म्हणेल, "संडासाची टाकी पण साफ करून द्या, दोन पैसे जास्त घ्या." त्या टाकीत माणसाने उतरायचे नाही. आतल्या विषारी वायूने उभा माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला गेलेलाही मरतो. २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे गुन्हा ठरवले आहे. दोन पैसे काय, दोन हजार मिळाले तरी नाही.

कागदावरचा हिशेब

आता पैशाचे पाहू. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

यंत्र, नळी, वायर, बूट मिळून ३६,००० रुपये लागले. यंत्र ३ वर्षे, म्हणजे ३६ महिने टिकले असे धरू. मग महिन्याची झीज १,००० रुपये. व्याज, तेल आणि दुरुस्ती ८०० रुपये. दर महिन्याला एकूण १,८०० रुपये. यंत्र कोपऱ्यात पडून राहिले तरी यातला बहुतेक खर्च चुकत नाही.

एका कामाचे १,५०० रुपये ठरले. त्यातून मदतनिसाची मजुरी ५००, आपली मजुरी ५००, पेट्रोल १००, साबण व किरकोळ १००. खर्च १,२००. उरले ३०० रुपये.

१,८०० ला ३०० ने भागा. उत्तर ६. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या ६ कामांवर यंत्राचाच खर्च निघतो. खरा नफा सातव्या कामापासून.

पुष्कळजण आपली मजुरी धरत नाहीत. मग ३०० च्या जागी ८०० उरल्यासारखे दिसतात आणि माणूस खूश होतो. पण ते ५०० नफ्याचे नाहीत, आपल्या घामाचे आहेत.

आता समजा, दुसऱ्याशी चढाओढ लागली आणि आपण भाव २०० रुपयांनी उतरवला. १,३०० घेतले. उरले १००. आता यंत्राचा खर्च काढायला किती कामे लागतील? १८! भाव थोडा उतरला, कामे तिप्पट झाली. म्हणून भाव उतरवण्याआधी पाटीवर भागाकार करावा.

ऋतूही धरावा. भर पावसात महिन्याला दोनच कामे मिळाली, तर ६०० उरतात आणि १,२०० ची तूट येते. दिवाळीआधीच्या महिन्यात १४ कामे झाली, तर ४,२०० उरतात. यंत्राचे १,८०० वजा करून २,४०० शिल्लक. म्हणजे दिवाळीची शिल्लक पावसाळ्याच्या दोन महिन्यांची तूट भरून काढते. तेवढी ती बाजूला ठेवली पाहिजे. दिवाळीतच खर्चून टाकली, तर पुढच्या आषाढात हप्ता थकतो.

पाण्याचाही हिशेब आहे. यंत्र मिनिटाला ८ लिटर पाणी घेत असेल, तर तासाला ४८० लिटर लागते. जिल्ह्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. अशा दिवसांत पिण्याच्या पाण्याने फरशी धुणे बरे दिसत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालते, पण गाळून घ्यावे. वाळूने पंप झिजतो आणि पाण्यावाचून चालवला तर बिघडतो. साबणही बेताने वापरावा. इथले गटार शेवटी कृष्णेलाच मिळते.

सुरुवात कशी करावी

आमचे सांगणे असे. लगेच यंत्र विकत घेऊ नये. आधी भाड्याने किंवा ओळखीने आणून चार कामे करावीत. किती वेळ लागला, किती पैसे उरले, ते वहीत लिहावे. जुन्या गिऱ्हाइकांना विचारून कामांची यादी करावी. यादीत महिन्याला सहाहून जास्त कामे भरली, तरच खरेदीचा विचार करावा.

कर्ज लागले तर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू नावाचा गट आहे. त्यात तारण न ठेवता ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. धंद्याची उद्यम नोंदणी करावी. तिला सरकारी फी नाही. पण बँक देते ते बक्षीस नव्हे, ते फेडायचे असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कर्ज घेणाऱ्याने विसरू नये.

आणि जुना धंदा सोडू नये. काचा दर आठवड्याला मळतात. शेवाळ वर्षातून एकदा धरते. काचा रोजची भाकरी देतात, यंत्र सणाची पोळी देते. पोळीसाठी भाकरी टाकू नये.

गिऱ्हाईक म्हणेल, "मारा की जोरात, निघू दे समदं!" यंत्रातला जोर कुणालाही विकत मिळतो. तो कुठे लावायचा आणि कुठे आवरायचा, हे ज्याला कळते त्याच्याच हाती लोक आपले घर विश्वासाने सोपवतात.

शब्द शिका

दाब: ठरावीक जागेवर पडणारा जोर.
झीज: वापरामुळे वस्तूची दर महिन्याला कमी होणारी किंमत.
तूट: खर्चाला कमी पडलेली रक्कम.

सांगा पाहू

१. ५० फूट उंचीच्या मनोऱ्यातून पाण्याला किती दाब मिळतो?
२. काम सुरू करताना कोणत्या रंगाची तोटी लावावी?
३. खिडकीची काच यंत्राने का धुऊ नये?
४. धार अंगाला लागली तर प्रथम काय करावे?

हिशेब करा

धड्यातले सर्व खर्च तसेच धरा. एका कामाचे १,४०० रुपये घेतले, तर यंत्राचा महिन्याचा खर्च निघायला किती कामे करावी लागतील? उत्तर वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.