पाय धुण्याचा गुरुवार



नाताळ सगळ्यांना माहीत आहे. गुड फ्रायडेला शाळेला सुट्टी असते म्हणून तोही माहीत आहे. पण गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आम्हां ख्रिस्ती लोकांचा एक मोठा पवित्र दिवस असतो. त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून तो पुष्कळ मुलांना ठाऊक नाही. त्याला पवित्र गुरुवार किंवा आज्ञा गुरुवार म्हणतात. आमची आजी मात्र त्याला 'पाय धुण्याचा गुरुवार' म्हणते. गुरुजी मला म्हणाले, "सण कसा करतात ते लिहीच, पण तो आज कशासाठी करतात तेही लिही." म्हणून मी आजीला, पप्पांना आणि चर्चमधल्या फादरांना विचारून हा लेख लिहिला आहे.

हा दिवस केव्हा येतो?

या दिवसाची तारीख दर वर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर असतो. त्या रविवारच्या तीन दिवस आधी हा गुरुवार येतो. म्हणजे आपल्या फाल्गुनी नाहीतर चैत्री पौर्णिमेच्या जवळपास. २०२४ साली तो २८ मार्चला, धुळवडीनंतर तीनच दिवसांनी आला होता. २०२६ साली तो २ एप्रिलला, म्हणजे हनुमान जयंतीच्याच दिवशी येतो. सण निरनिराळे असले तरी चंद्र सर्वांचा एकच आहे.

त्याच्या आधी सुमारे चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी आमच्या कपाळावर राख लावलेली तुम्ही पाहिली असेल.

येशूची गोष्ट

ही गोष्ट बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेम शहरात येशू आपल्या बारा शिष्यांबरोबर शेवटचे जेवण जेवत होता. त्या काळी लोक चपला घालून धुळीतून चालत येत. घरात आलेल्या माणसाचे पाय धुण्याचे काम नोकराचे असे. ते सर्वांत हलके काम समजत.

येशू जेवणावरून उठला. त्याने कमरेला पंचा गुंडाळला, भांड्यात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागला. पेत्र नावाचा शिष्य म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशूने त्याला समजावले, तेव्हा तो तयार झाला. मग येशू सर्वांना म्हणाला की मी तुमचा गुरू असून तुमचे पाय धुतले, तसे तुम्हीही एकमेकांचे धुवा. एकमेकांवर प्रीती करा, ही नवी आज्ञाही त्याने त्याच रात्री दिली. म्हणून या दिवसाला आज्ञा गुरुवार म्हणतात.

या गोष्टीत मला एक नवल वाटते. त्या बारा जणांत यहूदा पण होता. तोच नंतर येशूला पकडून देणार होता आणि येशूला ते ठाऊक होते. तरी येशूने त्याचेही पाय धुतले. त्याला वगळले नाही.

चर्चमध्ये काय करतात?

आपल्या वसई तालुक्यात आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव अशा पुष्कळ गावांत चर्च आहेत. तिथे प्रार्थना मराठीत होते. पूर्वी ती लॅटिन भाषेत होत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मसभा भरली, त्यानंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाली. आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते वारले.

गुरुवारी संध्याकाळी पवित्र मिस्सा असते. येशूने शेवटच्या जेवणात भाकर मोडून सर्वांना वाटली, त्याची आठवण करतात. सुरुवातीला घंटा वाजवतात. नंतर ती शनिवारच्या रात्रीपर्यंत मुकी राहते, कारण ते दुःखाचे दिवस असतात.

घंटेवरून एक माहिती सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतल्या काही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला अजून आहेत.

मग पाय धुण्याचा विधी होतो. बारा जणांना पुढे बसवतात. फादर गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पायावर पाणी ओततात आणि टॉवेलने पुसतात. शेवटी वेदीवरचे कापड व फुले काढून ती उघडी करतात. लोक रात्री उशिरापर्यंत शांत बसून प्रार्थना करतात.

माझ्या आजीचे पाय

मागल्या वर्षी आमच्या गावच्या बारा जणांत केळीच्या वाडीत काम करणारे एक काका होते, एक कोळी होते, एक रिक्षावाले, एक नर्सबाई, रस्ता झाडणाऱ्या एक मावशी, आणि माझी आजी पण होती.

आजी आधी नकोच म्हणत होती. ती म्हणाली, "माझ्या टाचा बघ. या पायांना फादर हात लावणार? सगळा गाव बघणार!" आजीने चाळीस वर्षे वाडीत काम केले. पहाटे बावखलाचे पाणी झाडांना घालायची, मग फुलांची टोपली घेऊन लोकलने दादरच्या बाजारात जायची. तिच्या टाचांना खोल भेगा आहेत. तीन दिवस ती वजरीने पाय घासत होती, तरी भेगा काही गेल्या नाहीत.

चर्चमध्ये फादर तिच्यापुढे बसले, तेव्हा तिने पाय लुगड्यात ओढून घेतला. फादर काही बोलले नाहीत, नुसते थांबले. मग आजीने पाय पुढे केला. घरी आल्यावर ती म्हणाली, "पेत्राला पण लाजच वाटली असेल, म्हणून तो नको म्हणाला असेल." मला वाटायचे की मदत करणारालाच कष्ट पडतात. पण मदत घेताना पण माणसाला कठीण वाटते, हे मला आजीमुळे समजले.

काय बदलले?

हा विधी फार जुना आहे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत घालता येईल असे ठरवले. पण नियमाप्रमाणे फक्त पुरुषांचेच पाय धुवायचे होते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, म्हणून आजीला बसता आले.

पोप म्हणजे जगातल्या कॅथलिक लोकांचे सर्वांत मोठे धर्मगुरू. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधल्या मुलांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. २०२४ साली ते बायकांच्या तुरुंगात गेले. तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते, त्यांना वाकता येत नव्हते, म्हणून त्या बायकांना उंचावर बसवले. १७ एप्रिल २०२५ च्या गुरुवारी ते फार आजारी होते, तरी तुरुंगात भेटायला गेले. पाय धुणे त्यांना जमले नाही. २१ एप्रिलला ते वारले.

आजचा अर्थ

पाय धुण्याची रीत आपल्या सगळ्यांकडे आहे. पाहुण्याला आपण पायांवर पाणी देतो. दिंडीतल्या वारकऱ्यांचे पाय लोक धुतात. नमाजाआधी मुसलमान लोक आपले पाय धुतात. कृष्ण राजा होता, तरी त्याने गरीब सुदाम्याचे पाय धुतले, ही गोष्ट आपल्याला गुरुजींनी सांगितली आहे. लहानाने मोठ्याचे पाय धुतले तर कोणी नवल करत नाही. मोठ्याने लहानाचे धुतले की माणसे बदलतात.

फादर म्हणाले, "बारा जणांचे पाय मी वर्षातून एकदा धुतो, त्याला अर्धा तास लागतो. खरा विधी दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी सुरू होतो." आजाऱ्याला उठवून बसवणे, आईचे भांडे घासणे, ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी आधी बोलणे, हे सगळे पाय धुण्यासारखेच आहे.

आपल्या शाळेत पाड्यावरची मुले लांबून अनवाणी चालत येतात. पावसात त्यांचे पाय चिखलाने भरतात. काही मुले त्यांना म्हणतात, बस्करावर बसू नको, घाण होईल. असे म्हणू नये. दाराशी पाण्याचे पिंप आहे, त्यावर तांब्या आहे. आपण त्यांच्या पायांवर पाणी घालू या आणि बस्करावर सरकून जागा देऊ या. त्याला ख्रिस्ती असायला लागत नाही.

सांगा पाहू

१) पेत्र पाय धुऊन घ्यायला नको का म्हणाला असेल?
२) येशूने यहूदाचे पाय का वगळले नाहीत?
३) तुमच्या घरी सर्वांत जास्त कोणाचे पाय दमतात? आज घरी जाऊन बघा.

— इयत्ता ४ थीचा विद्यार्थी